रक्तदाब कोठे मोजावा? : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

दवाखान्यात गेले की डॉक्टर अस्तनी वर करावयास सांगतात, दंडाभोवती कापडी पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात आणि मग १३०/८० असे काहीतरी कागदावर लिहितात. ही क्रिया आता इतकी परिचयाची झाली आहे की घरातील लहान मुलेही डॉक्टर-डॉक्टर खेळताना तिची हुबेहूब नक्कल करतात. परंतु हा पट्टा दंडालाच का बांधावयाचा? पायाला का नाही, बोटाला का नाही? रक्त तर सर्वांगातून वाहते. हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला आणि इतिहासात थोडे मागे गेले, म्हणजे असे ध्यानात येते की दंडाची निवड बऱ्याच अंशी सोयीसाठी झाली. ज्या ज्या वेळी एखाद्या चिकित्सकाने दंड सोडून दुसरीकडे दाब मोजला, त्या त्या वेळी दंडाने झाकून ठेवलेले काही ना काही उघडकीस आले. म्हणून हा इतिहास वैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांप्रमाणे घरातील वडीलधाऱ्यांनीही वाचण्यासारखा आहे.

रक्तदाब म्हणजे धमनीतील रक्ताने धमनीच्या भिंतीवर दिलेला रेटा. हृदय आकुंचन पावते तेव्हा हा रेटा सर्वांत जास्त असतो, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हा तो सर्वांत कमी असतो, तो खालचा आकडा. आकडे पाऱ्याच्या उंचीचे, मिलीमीटरमध्ये. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजावयास अडचण पडणार नाही.

दाब मोजण्याचे यंत्र निघण्यापूर्वी कित्येक शतके चिकित्सकाजवळ एकच साधन होते, ते म्हणजे स्वतःची बोटे. नाडी तर मानेतही लागते, कानशिलावरही लागते, पायाच्या घोट्यामागेही लागते. मग हकीम-वैद्यांनी मनगटच का धरले? इब्न सीना (९८०-१०३७) याने आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात याची कारणे दिली आहेत. मनगटाची धमनी सहज हाती लागते, मनगट उघडे करण्यात रुग्णाला संकोच वाटत नाही, आणि ती धमनी हृदयाशी सरळ जोडलेली आहे. या तीन कारणांतील दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते. तपासणी शास्त्रशुद्ध हवीच, पण ती करून घेणाऱ्या माणसाची लाजही राखली गेली पाहिजे, हे त्या काळी नमूद करून ठेवलेले आहे. जागा निवडताना शरीराइतकाच समाजाचाही विचार करावा लागतो, याचे हे जुने उदाहरण होय.

दाबाचे पहिले माप मात्र मनगटावर झाले नाही आणि माणसावरही झाले नाही. इंग्लंडात टेडिंग्टन या गावी स्टीफन हेल्स नावाचा एक धर्मोपदेशक राहत असे. झाडांत रस कसा चढतो याचे प्रयोग करता करता तो जनावरांच्या रक्ताकडे वळला. त्याने एक घोडी पाठीवर बांधली, तिच्या मागच्या पायाची जांघेजवळची धमनी उघडून तीत पितळी नळी बसविली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडली. बंध सोडताच रक्त नळीतून चढत चढत ८ फूट ३ इंच उंचीवर जाऊन थांबले व ठोक्यागणिक खालीवर होऊ लागले. १७३३ मध्ये त्याने हे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या मुक्या जनावराचे हाल वाचताना आज अंगावर काटा येतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु रक्ताच्या रेट्याला आकडा असतो, हे तेथेच प्रथम सिद्ध झाले. म्हणजे रक्तदाब मोजण्याची जगातील पहिली जागा कोणती, तर घोडीची मांडी!

नऊ फुटांची नळी घेऊन रुग्ण तपासणे शक्य नव्हते. पारा रक्तापेक्षा सुमारे तेरा पट जड. तेव्हा १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझय याने इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या नळीत पारा भरला आणि नऊ फुटांचे काम वीतभर उंचीत आणले. मिलीमीटरचे माप तेव्हापासून चालत आले आहे. माणसाच्या धमनीत प्रत्यक्ष नळी घालून दाब मोजण्याचे काम १८५६ मध्ये फ्रान्समधील लिऑं येथे फेव्र नावाच्या शल्यचिकित्सकाने केले. अवयव कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी धमनी उघडी पडतेच; त्या संधीचा त्याने उपयोग केला. मांडीच्या धमनीत त्याला १२० मिलीमीटर दाब आढळला, दंडाच्या धमनीत ११५ ते १२०. दोन जागांची तुलना माणसावर प्रथम झाली ती अशी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

धमनी न उघडता, बाहेरूनच दाब कसा कळावा? युक्ती साधी होती. नाडी बंद पडेपर्यंत बाहेरून दाबावयाचे आणि त्यासाठी किती जोर लागला ते पाहावयाचे. व्हिएन्नाच्या सॅम्युएल फॉन बाश याने १८८१ मध्ये पाण्याने भरलेली रबरी पिशवी मनगटाच्या धमनीवर दाबून हे साधले. (हा बाश पूर्वी मेक्सिकोचा बादशहा माक्सिमिलियन याचा खाजगी वैद्य होता. १८६७ मध्ये त्या बादशहाला गोळ्या घालून ठार करण्यात आले, आणि वैद्यबुवा युरोपात परतून रबरी पिशव्यांच्या प्रयोगात रमले.) व्हिएन्नातच १८९९ मध्ये गेर्टनर याने बोट निवडले. बोटात रबरी कडे चढवावयाचे, पुढचा भाग दाबून पांढराफटक करावयाचा, मग कड्यातील हवा हळूहळू सोडावयाची; ज्या क्षणी बोटाला लाली येते त्या क्षणीचा आकडा तो दाब. ही लालीची युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

या सर्व जागा मागे सारून दंड पुढे आला तो १८९६ मध्ये. इटलीतील तुरीन शहरी शिपिओने रिव्हा-रोत्सी या तरुण डॉक्टराने सायकलच्या आतल्या रबरी ट्यूबचा पट्टा करून तो दंडाभोवती गुंडाळला, त्याला पाऱ्याची नळी जोडली आणि मनगटाची नाडी बोटाने पाहत पट्ट्यात हवा भरली. दंडाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे एकच हाड आहे व धमनी त्याच्यावर चारी बाजूंनी सारखी दाबली जाते. मनगटाजवळ दोन हाडे असल्याने तसे होत नाही. दंड महाधमनीला मनगटापेक्षा जवळ. शिवाय माणूस बसलेला असो की निजलेला, दंड बहुधा हृदयाच्याच पातळीत राहतो. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. रक्तालाही वजन असते. मोजण्याची जागा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेली, तर आकडा सुमारे ७ ते ८ मिलीमीटरने फुगतो, आणि तितकीच वर गेली तर तितकाच घटतो.

१९०१ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग इटलीतील पाव्हिया येथे गेला असता त्याने हे यंत्र पाहिले व बाल्टिमोरला नेले. त्याचे स्वागत सर्वत्र झाले असे मात्र नाही. हार्वर्डच्या जाणत्या मंडळींनी त्याची तपासणी करून, अनुभवी बोट यंत्रापेक्षा सरस असे मत दिले! त्याच वर्षी फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टराने दाखवून दिले की रिव्हा-रोत्सीचा पट्टा फार अरुंद आहे व त्यामुळे आकडा खोटा वाढतो. त्याने पट्टा सुमारे १२ सेंटिमीटर रुंद केला. आजही जाड दंडाला लहान पट्टा बांधला की निरोगी माणूस कागदोपत्री रोगी ठरतो. मोठा पट्टा मागून घेण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही. तसेच घट्ट बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर बसतो, तेही आकडा बिघडविते. भगिनींनी तपासणीच्या दिवशी सैल बाहीचा पोशाख घातला, तर अडचण व संकोच दोन्ही टळतात.

बोटाने नाडी पाहून फक्त वरचा आकडा कळत असे. खालचा आकडा मिळवून दिला निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने. रशिया-जपान युद्धात हार्बिन येथे त्याने जखमी सैनिकांच्या फाटलेल्या धमन्या पाहिल्या होत्या. अशी धमनी बांधून टाकली तर पुढच्या हातापायाला रक्त मिळेल की नाही, हे अगोदर कसे कळावे, या चिंतेतून तो धमन्यांवर स्टेथोस्कोप लावून ऐकू लागला. ८ नोव्हेंबर १९०५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याने आपली रीत मांडली. पट्ट्यातील हवा सोडू लागले की कोपराच्या खोबणीत आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, आवाज नाहीसा होतो तो खालचा. त्याचे निवेदन जेमतेम एका पानाचे होते. सेहेचाळीसाव्या वर्षी क्षयाने तो वारला. जगभर रोज त्याचे आवाज ऐकले जातात.

येथून दंडाचे राज्य सुरू झाले. विमा कंपन्यांनी दंडाचे आकडे मागितले, सैन्यभरतीत दंड तपासला जाऊ लागला, पाठ्यपुस्तकांत 'रक्तदाब' म्हणजे दंडाचा दाब असेच गृहीत धरले गेले. सर्वांनी एकाच जागी मोजले म्हणजे तुलना करता येते, हा फायदा निर्विवाद आहे. औषधांचे सारे मोठे अभ्यास याच आकड्यांवर उभे आहेत. पण एकाच खिडकीतून घर पाहण्याची सवय लागली की मागच्या अंगणात काय चालले आहे ते दिसत नाही.

ते अंगण म्हणजे पाय. निजलेल्या निरोगी माणसाचा पायातील वरचा आकडा दंडाच्या बरोबरीचा किंवा थोडा जास्तच भरतो. १९०९ मध्ये लंडनच्या लिओनार्ड हिल याने पाहिले की हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची झडप गळकी असेल, तर हा फरक फार वाढतो. याच्या अगदी उलट प्रकार काही मुलांत जन्मतः असतो. महाधमनी डाव्या हाताची शाखा सोडल्यानंतर एके ठिकाणी चिमटीत धरल्यासारखी अरुंद असते. अरुंद जागेच्या वरच्या बाजूला, म्हणजे डोके व हात यांकडे, दाब चढतो. खाली पायांकडे तो उतरतो. असे मूल पुष्कळदा वरवर धडधाकट दिसते. कधी डोके दुखते, कधी नाकातून रक्त येते, कधी धावताना पाय भरून येतात. दंडाचा आकडा वाढलेला पाहून कोणी नुसतीच औषधे देत राहिला तर मूळ दोष तसाच राहतो. मांडीला रुंद पट्टा बांधून गुडघ्यामागे आवाज ऐकला, किंवा जांघेतील नाडी चाचपून पाहिली, तर दोन मिनिटांत संशय येतो. हा दोष शवविच्छेदनात १७६० च्या सुमारासच दिसला होता. पण ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टॉकहोमच्या क्लॅरेन्स क्राफोर्ड याने अरुंद भाग कापून टोके जोडली, तेव्हा पायाचा दाब मोजण्याला खरा अर्थ आला. निदान झाले तर इलाज आहे, ही खात्री तेव्हापासून मिळाली. मुलाचा रक्तदाब वाढलेला निघाला तर 'पायाचा पाहिला का?' असे डॉक्टरांना विचारण्याचा पालकांना हक्क आहे, व चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

याहून गूढ असा एक विकार आहे आणि त्याच्या इतिहासात आपल्या मुंबईचेही पान आहे. १९०८ मध्ये जपानमधील कानाझावा येथील नेत्रवैद्य मिकितो ताकायासु याने एका २१ वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची चमत्कारिक कडी पाहिली. त्याच सुमारास इतर दोघा जपानी डॉक्टरांनी, आपल्या अशाच रुग्णांना मनगटाची नाडीच लागत नाही, असे सांगितले. महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांच्या भिंती सुजून जाड होतात आणि आतला मार्ग अरुंद होत जातो. रोगी बहुतेक तरुण स्त्रिया. जपानात हातांकडे व मेंदूकडे जाणाऱ्या शाखा अधिक सापडतात. भारतात पोटातील महाधमनी व मूत्रपिंडांच्या धमन्या पुष्कळदा सापडतात, आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते सर्व शरीराचा दाब वाढविते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात शल्यचिकित्सक डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी डॉ. जी. बी. परुळकर वगैरे सहकाऱ्यांसह अशा रुग्णांचा कसून अभ्यास केला व १९६३ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात तो मांडला. भारतातील पहिले हृदयारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये करणारे डॉ. सेन ते हेच. लोकांना ते हृदयारोपण आठवते. या विकाराचे काम मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

या विकारात दंड किती फसवितो ते पाहा. समजा, एका तरुणीच्या दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत आणि मूत्रपिंडाच्याही. हृदयाजवळ दाब १९० असेल. पण दंडाच्या पट्ट्याखाली पोहोचेपर्यंत तो अरुंद मार्गात विरतो आणि आकडा ९० येतो. 'अशक्तपणा आहे, बी. पी. लो आहे, मीठ-पाणी घ्या', असे सांगून तिला घरी धाडले जाते. इकडे हृदयावर व डोळ्यांवर मारा चालूच. एका हाताला आकडा येतो व दुसऱ्याला येतच नाही, असेही घडते. म्हणून पहिल्या भेटीत दोन्ही दंडांचा दाब घ्यावा, वरच्या आकड्यात १० हून अधिक फरक वारंवार आढळला तर त्याची दखल घ्यावी व पुढे जास्त आकड्याचा हात धरावा, असा आजचा संकेत आहे. दोन्ही हातांची नाडी क्षीण असेल तर पाय मोजल्याशिवाय सुटका नाही. आपल्या मुलींच्या फिकटपणाचा व चक्करचा विचार करताना घरोघरी याची जाणीव असावी. ही चिन्हे बहुतेक वेळा रक्तक्षयाची असतात, हे खरे. परंतु नाडी न लागणे हे रक्तक्षयाचे चिन्ह कधीच नव्हे.

घोट्याकडे लक्ष गेले ते १९५० मध्ये. अमेरिकन डॉक्टर ट्रॅव्हिस विन्सर याने घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब असा साधा भागाकार सुचविला. पुढे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकणारे डॉपलर यंत्र आले आणि पावलाची बारीक धमनीही ऐकू येऊ लागली. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ८४ असेल तर भागाकार ०.६ येतो. तो ०.९ किंवा त्याहून कमी असला की पायाच्या धमन्या तुंबू लागल्या असे समजतात, आणि ज्याच्या पायाच्या धमन्या तुंबल्या त्याच्या हृदयाच्या धमन्यांचीही काळजी करावी लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, चार पावले चालून पोटरी धरून बसणाऱ्या माणसाला 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. मधुमेहींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या घोट्याच्या धमन्यांत कधी कधी चुना साचून त्या इतक्या कडक होतात की पट्टा त्यांना दाबूच शकत नाही, भागाकार १.४ च्याही वर जातो आणि पाय उत्तम असल्याचा भास होतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला चिमुकला पट्टा लावतात, कारण तेथील बारीक धमन्या सहसा या चुन्यातून सुटतात. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असेल तर पावलाची जखम आपोआप भरून येण्याची आशा थोडी. पाय कापावा लागेल की वाचविता येईल, याचा विचार या अंगठ्याच्या आकड्यावर पुष्कळ अवलंबून असतो.

नवजात बालकांचा प्रश्न निराळाच होता. दंड बोटाएवढा, आवाज ऐकू येत नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी बाळाचे पाऊल किंवा हात दाबून पांढरा करावयाचा, घोट्याला वा मनगटाला पट्टा बांधावयाचा आणि हवा सोडताना लाली केव्हा येते ते पाहावयाचे, अशी रीत प्रसिद्ध केली. गेर्टनरची ती बोटावरची जुनी युक्ती अर्ध्या शतकानंतर पाळण्यात येऊन पोहोचली! पुढे यंत्रे सुधारली व ही रीत मागे पडली. बोटालाही पुन्हा मान मिळाला. १९७३ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील यान पेन्याझ याने बोटाभोवती चिमुकला पट्टा व प्रकाशाचा दिवा बसवून ठोक्याठोक्याला दाब दाखविणारी रीत शोधली. शस्त्रक्रियेच्या व अतिदक्षता विभागात मात्र मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालूनच दाब पाहतात. त्यापूर्वी करंगळीच्या बाजूची दुसरी धमनी हाताला रक्त पुरवू शकते की नाही, हे अ‍ॅलनच्या १९२९ च्या चाचणीने पाहण्याचा प्रघात आहे.

पारा विषारी असल्याने २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रे हटत गेली व घरोघरी विजेरीवर चालणारी यंत्रे आली. त्यांतील मनगटाची यंत्रे हाताळावयास सोपी, बाही वर करण्याची गरज नाही, म्हणून घरच्या स्त्रियांना आवडतात. पण मनगट मांडीवर ठेवून मोजले तर आकडा सहज १५-२० ने वाढतो. हात वाकवून मनगट छातीच्या मध्याशी आणावे व तसेच टेकवून ठेवावे. शक्य असेल तर दंडाचे यंत्र घ्यावे. दंडाला बसेल असा पट्टाच मिळत नसेल, तर डॉक्टर कोपराखालच्या भागाला पट्टा बांधतात. तो आकडा थोडा जास्त येतो हे गृहीत धरावे लागते.

काही रुग्णांच्या बाबतीत दंड मुळीच वापरता येत नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पट्टा न बांधण्याचा रिवाज आहे. हात सुजण्याची ही भीती पूर्वी मानली तितकी सबळ नाही असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. तरी दुसरा हात मोकळा असताना तोच वापरण्यात तोटा नाही. डायालिसिसच्या रुग्णाची गोष्ट मात्र तडजोडीची नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळ धमनी व शीर एकमेकांना जोडून डायालिसिससाठी कायमची वाट तयार करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्या जागी बोट ठेवले तर मांजर गुरगुरावे तशी थरथर जाणवते. त्या हाताला पट्टा आवळला तर वाट गोठून बंद पडू शकते, आणि नवी करण्यास शरीरात जागा फार थोड्या असतात. तेव्हा घाईत असलेल्या नव्या परिचारिकेने तो हात पुढे करण्यास सांगितले, तर रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने न भिता दुसरा हात पुढे करावा. दुसऱ्या हातालाही अशीच वाट असेल तर मांडी किंवा पोटरी सुचवावी आणि कोणत्या जागी मोजला तेही आकड्याशेजारी लिहून घ्यावे.